मोगाकाचा बेस नऊला खाली बसतो

माझं आणि झाब्लोन मोगाकाचं वैर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या तुमाइनी कोर्ट नावाच्या इमारतीत याबद्दल दोन मतं आहेत आणि त्यातलं एक माझ्या बायकोचं आहे.

मोगाका सज्जन माणूस आहे, हीच खरी अडचण. त्याची गाडी पांढऱ्या रेषेच्या आत उभी असते. त्याच्या कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारलेली असते. जिन्यात भेटला की आधी माझी तब्येत विचारतो, मग घरच्यांची, मग माझ्या गावी बुंगोमाकडे पाऊस कसा आहे ते, आणि वर माझं उत्तर संपेपर्यंत थांबतो. अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून सहा वर्षं राहून दाखवा आणि मग मला संयम शिकवायला या.

मी प्रोटस खाएम्बा. इथे नैरोबीत, डोनहोममध्येच एका शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून सगळी इमारत मला मास्तर म्हणते. शाळेत माझी ख्याती भूगोलापेक्षा कॉपी पकडण्याबद्दल जास्त आहे. त्यात काही जादू नाही. पोरं शेजाऱ्याचं बरोबर उत्तर उतरवतात तेव्हा काही सिद्ध करता येत नाही. पण शेजाऱ्याची चूक जशीच्या तशी उतरवतात तेव्हा मान आपोआप माझ्या हातात येते. मुलगी नासिमियू बोर्डिंगला असते. घरात मी, माझी बायको रिस्पा आणि वूफर.

वूफर म्हणजे नुसतं खालचं मोठं खोकं, असं दुकानदार सांगतात. नैरोबीत वूफर म्हणजे गाणी वाजवायचं अख्खं यंत्र, आणि ज्याच्या घरी ते नाही त्याच्याकडचे पाहुणे एका चहावर उठतात. माझा वूफर माझ्या गुडघ्यापर्यंत येतो. त्यावर मी रुंबा ऐकतो. बेसशिवाय रुंबा म्हणजे मिठाशिवाय सुकुमाची पालेभाजी. पोट भरेल, पण कुणी दुसऱ्यांदा मागणार नाही. गाणाऱ्याचं दुःख कानातून जातं आणि बेस गिटार सरळ बरगड्यांतून जाते, हे ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. गंमत म्हणजे, जी माणसं सकाळ-संध्याकाळ मटाटू मिनीबसमध्ये त्या दोन राक्षसी स्पीकरांना गुडघे टेकवून तासतासभर बसतात आणि हूं की चूं करत नाहीत, तीच माणसं घरी आली की माझ्या बेसची तक्रार करतात.

तक्रार करायची म्हणजे क्यालोच्या हिरव्या वहीत लिहायची. क्यालो आमचा केअरटेकर. खाली जिन्याशी त्याचा फळा आहे. 'आज एक वाजता पाणी येईल,' असं तो त्यावर लिहितो, म्हणजे संध्याकाळी सातला. आम्ही आपापसात स्वाहिलीत बोलताना दिवस उगवला की तास मोजायला लागतो आणि दिवस मावळला की पुन्हा पहिल्यापासून. शाळेत आणि बँकेत मात्र इंग्रजी घड्याळ. दोन्ही घड्याळं जन्मापासून डोक्यात असल्यामुळे कुणाची गफलत होत नाही. निदान भूगोलाच्या मास्तराची तरी होऊ नये.

तर त्या हिरव्या वहीत माझ्या नावावर दोन तक्रारी होत्या. दोन्ही खालच्या मजल्यावरच्या वांगेची नावाच्या सिस्टरच्या. ती हॉस्पिटलात नर्स आहे आणि लिहिते नेमकं. पहिली: 'टेबलावरचा चहाचा कप कुणीही हात न लावता कडेपर्यंत चालत गेला.' दुसरी: 'आरशात माझा चेहरा थरथरतो. रक्तदाब तपासला, नॉर्मल आहे.' इमारतीचा नियम असा, की तिसरी तक्रार झाली की घरमालकाच्या एजंटचं पत्र येतं: वस्तू जाईल किंवा भाडेकरू जाईल. रिस्पानं मात्र एजंटची वाट पाहायची नाही असं ठरवलं होतं.

"नासिमियूचे बाबा, कान उघडे ठेवून ऐका," ती म्हणाली. "तिसरी तक्रार आली, की वूफर शनिवारच्या बसनं बुंगोमाला. माझ्या भावाकडे."

तिचा भाऊ मकोखा. ख्रिसमसला आला होता तेव्हा तो माझ्याशी बोलताना वूफरच्या पाठीवरून हात फिरवत होता. हा निर्णय त्याच्या कानावर कसा गेला कुणास ठाऊक, पण दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "दाजी, सहज विचारतो हां. त्याची वायर किती लांब आहे? आमचा प्लग दाराजवळ आहे."

आणि नेमक्या याच दिवसांत मोगाकानं तो डबा आणला.

डबा साधाच. टीव्ही आणि वूफर यांच्या मध्ये बसवायचा, त्याला वेळ सांगून ठेवायची. ती वेळ झाली की तो आपण होऊन बेस खाली आणतो आणि सकाळी पुन्हा वर. रात्री नऊच्या ठोक्याला भिंतीपलीकडे, गाणं ऐन रंगात असताना, बेस खाली बसायचा. गाणारा आपला गातच राहायचा, पण पाहुण्यांसारखा, चपला बाहेर काढून. पहिल्या आठवड्यात इमारतीच्या ग्रुपवर वांगेची सिस्टरनं लिहिलं, 'मिस्टर मोगाका, आज तीन वर्षांनी नीट झोपले.' खाली हात जोडलेले एकवीस. एकविसावे माझ्या बायकोचे.

हेही मी सोसलं असतं. खरं दुखणं वेगळं आहे, ते सांगतो. मोगाकाचा वूफर माझ्यापेक्षा लहान आहे. त्याची गाणी चांगली नाहीत. भजनं आणि मधूनच एखादा जुना रुंबा. एका संध्याकाळी रिस्पा ओट्याशी सुकुमा चिरत होती. मी दारात उभा होतो. तिच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत ताल धरत होता. आणि माझा वूफर बंद होता.

त्या रात्री मला उगालीचा घास गेला नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्या गाण्यावर तिचा अंगठा हलल्याचं मला आठवेना. मग ठरवलं, वूफर बुंगोमाला जाणार नाही, आणि मोगाकाला जे जमतं ते मला जमणार नाही असं होणार नाही.

आधी फुकटचे उपाय केले. सल्ल्याला आमच्याकडे तोटा नाही. कुणी म्हणालं, अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला लावा. लावले. घराला कोंबड्यांच्या खुराड्याची कळा आली आणि बेस पूर्वीइतकाच पलीकडे गेला. क्यालो म्हणाला, "मास्तर, वूफरखाली काहीतरी दमदार ठेवा. गावचा मका आहे ना तुमच्याकडे?" मका होता. गावाहून आलेलं अख्खं पोतं होतं. पोत्यावर वूफर चढवला आणि दोन दिवस खाली खरंच शांतता होती. तिसऱ्या दिवशी पोत्यातले सगळे किडे बाहेर पडले. बेसनं त्यांचं बिऱ्हाड हललं असावं. गालिचा ओलांडून, दाराखालून, रांगेनं ते थेट मोगाकाच्या घरात गेले. एखादा किडा वांगेचीकडे का जाऊ नये? नाही. तेही मोगाकाकडेच गेले. तो हसत दारात आला, हातात सूप. "मास्तर, मका छान चाळून निघाला असेल तुमचा," म्हणाला. रिस्पा एवढी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

मग मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या ल्युथुली अव्हेन्यूला जाऊन डबा आणला. मोगाकाच्या डब्याला एक दिवा आहे, माझ्या डब्याला तीन. माहितीपत्रक पूर्ण चिनी भाषेत होतं, पण तीन दिवे पाहिल्यावर मी ते उघडून पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते.

डबा भिंतीला दोन स्क्रूंनी लावायचा होता. भिंत एजंटची, तेव्हा परवानगी एजंटची. ऑफिसातल्या बाईंनी तीन प्रतींत अर्ज मागितला आणि वर पासपोर्ट फोटो.

"दोन स्क्रू मारायला भिंतीला माझा फोटो कशाला हवा?" मी विचारलं.

"भिंतीला नको, फाइलला हवा," बाई म्हणाल्या. "आणि भिंत सामायिक आहे. शेजाऱ्याची संमती आणा, सहीनिशी."

शेजारी म्हणजे कोण, हे सांगायला नको. अर्ज चार दिवस माझ्या बॅगेत फिरला. पाचव्या दिवशी रिस्पाच तो घेऊन पलीकडे गेली आणि चहा पिऊन, दोन मंडाझी खाऊन, सही घेऊन आली. मोगाकानं फाउंटन पेननं सही केली होती, आणि संमतीच्या रकान्याखाली, कुणी मागितलेलं नसताना, लिहिलं होतं: 'मास्तर या इमारतीचं भूषण आहेत.' एजंटच्या ऑफिसातल्या बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "किती चांगले शेजारी आहेत हो तुमचे!" मी फोटो पुढे सरकवला.

डबा भिंतीला लागला. रात्री नऊ ते सकाळी सहा, एवढं माझं मलाही कळत होतं. पण वेळेखेरीज त्यावर आणखी चार बटणं होती, आणि ती चिनी भाषेत. अंदाजानं दाबली. पहिल्याच रात्री नऊ वाजता डब्यानं आपलं काम नेमकं उलटं केलं. गाणारा गायब झाला आणि नुसता बेस उरला. धडाम धडाम धडाम, मध्ये माणसाचा शब्द नाही. मी धावत जाऊन वायर उपटली. खालून वांगेची सिस्टरनं झाडूच्या दांड्यानं छताला तीन टोले दिले. वहीत काही लिहिलं नाही, पण ते केवळ तिची ड्यूटीची वेळ झाली होती म्हणून.

"जाऊन मोगाकांना विचारा ना," रिस्पा म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. मी तर म्हणते, शिकावं माणसानं त्यांच्याकडून."

शिकावं! मी बावीस वर्षं शिकवतो आहे. विचारायचं नाही हे मी ठरवलं, पण मोगाकाचे आकडे मला हवे होते. ते दोन्ही कसं जमवायचं या विचारात असताना क्यालो त्यांच्याकडे गळका नळ बदलायला जाणार असल्याचं कळलं. मी त्याला जिन्यात गाठलं.

"क्यालो, डब्याचा एक फोटो काढून आणशील? बटणं कुठे आहेत, वेळ किती आहे, एवढंच."

"चोरून, मास्तर?"

"चोरून कशाला? नळ बदलता बदलता."

त्याला दोन किलो मका दिला, किडे गेलेला. संध्याकाळी फोटो आला. बटणं स्वच्छ दिसत होती. बेसचा काटा उणे दहावर. वेळेचे आकडे उजेडानं चमकून पुसले गेले होते, पण डब्यावर चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावली होती. 'आवाज खाली: 3 – 12.'

"तीन?" रिस्पा फोटो पाहून म्हणाली. "अहो, त्यांचा बेस तर नऊला बसतो. आपण रोज ऐकतो."

इथे मी थांबायला हवं होतं. बाकी कुणाचा आकडा असता तर थांबलोही असतो. पण मोगाकाचा आकडा चुकीचा असेल, हे माझ्या मनालाच शिवेना. इतका माझा त्याच्यावर विश्वास! मी तिला समजावून सांगितलं, की सुरुवात दुपारी तीनलाच होत असणार, अगदी हळू. ओहोटी कधी लागते ते किनाऱ्यावर बसलेल्याला कळत नाही. पाणी बरंच मागे गेलं की कळतं. आपल्याला कळतं ते नऊला. शिवाय दुपारी तीनला तान्ही मुलं झोपतात. आणि मध्यरात्री बारानंतर कुठलाही सज्जन माणूस गाणी लावतच नाही, मग डब्याला उगाच कशाला राबवायचं? बोलता बोलता मला ते इतकं पटलं, की हे मोगाकाला सुचलं आणि मला सुचलं नाही, याचा मला वेगळा राग आला.

"तुम्हीच बघा," रिस्पा म्हणाली. "वायर मात्र गुंडाळून ठेवा, बसला सोयीची पडेल."

शनिवारी सकाळी आकडे भरले. दुपारी तीन वाजता बेस बसला. ओहोटीसारखा वगैरे नाही, पायाखालचं स्टूल काढल्यासारखा. डबा नवा आहे, जरा घाई करतो, असं मी मनाला सांगितलं. संध्याकाळी वांगेची सिस्टर स्वतः वर आली. म्हणाली, पंधरा दिवसांत पहिली सुटीची रात्र आहे, आणि दुपारपासून कप जागचा हललेला नाही. "मास्तर, तुम्हीसुद्धा!" ती म्हणाली. त्या 'सुद्धा'कडे मी दुर्लक्ष केलं. सहा वाजता मी ग्रुपवर लिहिलं: 'आपल्या सर्वांच्या झोपेसाठी आमच्याकडेही आजपासून स्वयंचलित व्यवस्था. दुपारी तीनपासूनच.' 'पासूनच' मी मुद्दाम लिहिलं. हात जोडलेले तेवीस आले. मोगाकाला एकवीस आले होते. मी दोनदा मोजले.

जेवणानंतर रिस्पा झोपायला गेली. अकराला युरोपातला फुटबॉलचा सामना सुरू होणार होता. बेस नसल्यामुळे मैदानातली माणसं डबक्यातल्या बेडकांएवढी वाटत होती, म्हणून मी आवाज थोडा वाढवला. मग आणखी थोडा. बेसचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं, काही होईना. म्हणजे डबा चोख काम करतो आहे, या समाधानात मला खुर्चीतच डोळा लागला.

बारा वाजले. डब्यानं मी सांगितलं होतं ते केलं.

बरोबर त्याच वेळी कुणीतरी गोल केला असावा. साठ हजार माणसं माझ्या दिवाणखान्यात एकदम उठली. खिडक्यांच्या काचा बोलायला लागल्या. अंड्यांचा एक ट्रे भिंतीवरून सुटून माझ्या डोक्यावर आला. मी उठून वूफरकडे जायच्या ऐवजी दाराकडे पळालो, कारण मला वाटलं भूकंप झाला, आणि भूकंपात उघड्यावर यावं हे मी दरवर्षी आठवीला शिकवतो. खाली कुणीतरी 'चोर, चोर' ओरडलं. कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजायला लागला, मग आणखी दोन गाड्यांचे. शेवटी क्यालोनं खालून आख्ख्या जिन्याचा मेन स्विच पाडला, तेव्हा ते थांबलं.

मोबाइलचे दिवे घेऊन सगळे आमच्या दारात जमले. वांगेची सिस्टर पुढे होती. तिच्या चेहऱ्यावर सुटीच्या रात्रीचा काहीही मागमूस नव्हता. क्यालोनं हिरवी वही आणली होती.

"मास्तर," तो म्हणाला, "तिसरी."

रिस्पा लेसो गुंडाळून माझ्यामागे उभी होती. "मकोखाला आत्ताच फोन लावू," तिनं विचारलं, "का सकाळपर्यंत थांबू?"

माझ्या डोक्यावर अंड्यांचा ट्रे होता, तो काढायचंही मला सुचलं नाही. "मी बरोबर भरलं होतं," मी म्हणालो. "तीन ते बारा. अगदी... अगदी योग्य माणसाचे आकडे होते."

"कुणाचे?" वांगेचीनं विचारलं.

मी क्यालोकडे पाहिलं. त्याचा मोबाइल सगळ्यांना दिसेल असा पेटलेला होता आणि तो फोटो शोधत होता. तेवढ्यात मोगाकाच्या दारातून त्याची सासू पुढे आली. काद्झो आजी, किलिफीहून महिन्याभरासाठी आलेली. तिनं क्यालोच्या हातातला मोबाइल घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"ही तर माझी चिठ्ठी!"

"तुमची?" मी विचारलं.

"माझी नाहीतर कुणाची. रोज रात्रीचे तीन वाजले की ते यंत्र आजारी पडायचं. मी त्याच्या डोक्यात दोन थपडा घालायचे. मग जावयानं चिठ्ठी लावली, की आई, तीन ते बारा आवाज खालीच असतो, त्याला मारू नका."

"रात्रीचे तीन," क्यालो हळूच म्हणाला. "जेवणं झाल्यावरचे."

रात्रीचे तीन म्हणजे नऊ. बारा म्हणजे सकाळचे सहा. जिन्यातल्या फळ्यावर रोज वाचतो ते घड्याळ. आजीच्या घड्याळातले तास मी चिनी डब्याच्या घड्याळात भरले होते, आणि हे करणारा माणूस बावीस वर्षं रेखांश आणि प्रमाणवेळ शिकवत होता.

"चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवलीत," रिस्पा म्हणाली. "तुमच्या वर्गात असतं तर काय दिलं असतंत?"

"शून्य," मी म्हणालो. "आणि पालकांना बोलावलं असतं."

क्यालोनं पेनाचं टोपण काढलं. वूफर माझ्या डोळ्यांपुढे बसच्या टपावर चढला, एल्डोरेटच्या धुक्यातून गेला, मकोखाच्या दाराजवळच्या प्लगला लागला. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

"क्यालो," मोगाका म्हणाला, "माझं नाव लिही."

"पण आवाज मास्तरांचा, साहेब."

"आकडे माझे. चिठ्ठी मी लावली, वेळ नीट लिहिली नाही. 'रात्रीचे' एवढा शब्द लिहिला असता तर सिस्टरची सुटी वाया गेली नसती. वहीत 'कोणामुळे' असा रकाना आहे ना? तिथं माझं नाव घाल."

क्यालोनं वही उजेडाकडे धरली. असा रकाना खरंच होता. आजवर कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, कारण स्वतःचं नाव त्यात घाला असं सांगणारा माणूस आमच्या इमारतीत कधी निघाला नव्हता. मोगाकाच्या नावावर पहिली तक्रार लिहिली गेली.

"किती मोठं मन!" वांगेची सिस्टर म्हणाली. हीच बाई दोन मिनिटांपूर्वी माझ्याकडे सुई शोधत असल्यासारखी पाहत होती. सकाळपर्यंत ग्रुपवर मोगाकाला टाळ्या वाजवणारे एकतीस झाले.

मला आनंद व्हायला हवा होता. वूफर वाचला होता. पण माझ्या वूफरनं इमारत उठवली आणि टाळ्या मोगाकाला! चांगुलपणा त्याचा, शांतता त्याची, हे मी कधीच मान्य करून बसलो होतो; निदान माझा गुन्हा तरी माझा असावा की नाही? तोही नेला त्यानं. मला त्याचा इतका मत्सर वाटला, की आभार मानायला गेलो तेव्हा माझ्या तोंडून "पाऊस काय म्हणतोय तुमच्या गावी किसीकडे?" एवढंच बाहेर पडलं. त्यानं मला आत बसवून सविस्तर सांगितलं.

निघताना तो दाराशी आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मास्तर, एक विचारू? तुमचा वूफर किती इंचांचा आहे हो? भिंतीतूनच कळतं. माझ्या वूफरला तसा बेस येत नाही." मी आकडा सांगितला. त्यानं मान डोलावली आणि दार लावलं. त्या वेळी मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

रविवारी डब्यात नवी वेळ भरली, इंग्रजी घड्याळानं, रिस्पाला शेजारी उभं करून. नऊ ते सहा. आता दोन्ही घरांचा बेस एकाच क्षणी खाली बसू लागला. कुणाचा आधी, कुणाचा नंतर, काही कळायचं नाही. म्हणजे पुन्हा सगळं श्रेय अर्धंअर्धं, आणि अर्ध्यातलंही जास्तीचं त्याला.

बुधवारी रिस्पा अंघोळीला गेली असताना मी डबा उघडला आणि नऊच्या जागी नऊ-पाच केलं.

पाच मिनिटं. जास्त नाही. आवाजही बेतानं ठेवला. खालचा कप हलणार नाही इतका. नऊ वाजले, भिंतीपलीकडे मोगाकाचा बेस खाली बसला, आणि आख्ख्या तुमाइनी कोर्टमध्ये माझ्या एकट्याच्या घरात गिटार चालू राहिली. रिस्पा ओट्याशी भांडी विसळत होती. मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शुक्रवारी, नऊ वाजून दोन मिनिटांनी, तिच्या उजव्या चपलेत अंगठा हलला. मग टाच उचलली गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही आणि मी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. नऊ-पाचला बेस बसला, तशी तिनं नळ बंद केला.

हे असं दोन आठवडे चाललं. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस म्हणायला हरकत नाही.

काल रात्री नऊ वाजले. मी वाट पाहत होतो. नऊ-पाचला माझा बेस नेहमीसारखा बसला. पण शांतता झाली नाही. भिंतीपलीकडे, बारीक पण स्पष्ट, बेस गिटार वाजत होती. मी घड्याळाकडे पाहिलं. बरोबर एक मिनिट वाजली. नऊ वाजून सहा मिनिटांनी ती थांबली.

"अगंबाई," रिस्पा स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोगाकांचा डबा बिघडला वाटतं. जाऊन सांगून या त्यांना. बिचारे."

"बिघडला नाहीये," मी म्हणालो.

माझं वय अठ्ठेचाळीस. इतक्या वर्षांत माझा हेवा करावा असं आजवर कुणालाही वाटलेलं नव्हतं. मी खुर्ची भिंतीजवळ सरकवून घेतली आणि रिस्पाकडे आणखी एक कप चहा मागितला.